आमच्या परड्यामागची करंजवाडी

“...आन यंदाची येळवस म्हणं पाटलीणबाईच्या सोताच्या रानात. पलीकडं, मोगलाईत. समदं ठरलंय, फकस्त कुणाला...”

एवढंच ऐकू आलं. आडावर दोघी बोलत होत्या. माझी चाहूल लागली आणि दोघींनी एकदम घागरी उचलल्या. गावात माझी ख्यातीच तशी आहे. काशीबाई आली की बोलणं बंद! मी म्हणते, बंद करायचं तर करा, पण वाक्य तरी पुरं करा. अर्धं ऐकलेलं असलं की मला घास गिळत नाही.

येळवस म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावस्येचा सण. त्या अर्ध्या बातमीचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. मधे सांगण्यासारखं फार साठलंय. शेजारी चार दिवस राहिला तर तो पाहुणा, पण वर्षभर राहिला की त्याचे किस्से होतात. भिंतीपलीकडून आपोआप येऊन पडतात, शेवग्याच्या शेंगा पडाव्यात तसे. आपण फक्त वेचायचे.

आमचं वडगाव तेव्हा मोठ्या विचित्र जागी होतं. आम्ही खालशातले, म्हणजे आधी इंग्रजांचे आणि नंतर स्वतंत्र. पण चारी बाजूंनी निजामाची मोगलाई. ताटाच्या मधोमध वाटी ठेवावी तसं गाव. ओढा ओलांडला की दुसरं राज्य, दुसरा शिक्का, दुसरा नाका. आता सगळं एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात आलंय, त्यामुळं आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

इंग्रज गेले तेव्हा आमच्या चावडीवर झेंडा लागला. ओढ्यापलीकडं नाही लागला. तिकडं हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या, गावं लुटली जाऊ लागली, कडब्याच्या गंजी पेटू लागल्या. करंजवाडी आमच्यापासून कोसभरावर. एका सकाळी अख्खी करंजवाडी बैलगाड्यांत बसून ओढा ओलांडून आली आणि आमच्या परड्यामागच्या पडीक रानात उतरली. “चार-आठ दिसाचा परश्न हाय,” म्हणाले. ते चार-आठ दिवस दुसरा पावसाळा सरेपर्यंत चालले.

*

सोलापूरकडून मदतीचं काम बघणारे एक साहेब जीपमधून आले. बरोबर एक कारकून. पालापाचोळ्याच्या झोपड्यांमधून फिरत ते एका मोकळ्या जागेत उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही निर्वासित मंडळी मूळची कुठली?”

समोर करंजवाडीचा कोतवाल तुका उभा होता. काडीसारखा माणूस, गळ्यात हलगी. गाव सुटलं, पण तुकानं काम सोडलं नव्हतं. पाच-पन्नास झोपड्या, एका हाकेत सगळ्यांना ऐकू जाईल. तरी रोज संध्याकाळी हलगी वाजवून दवंडी द्यायचा. दवंडी तरी कसली? उद्या अमक्याच्या घरी कढी आहे, ज्याला पाहिजे त्यानं गाडगं घेऊन यावं!

तुका म्हणाला, “करंजवाडीची.”

“ती कुठं आली?”

तुकानं पायाखाली बोट दाखवलं. “ही काय. चावडीतच हुभं हायसा तुमी, साहेब. जोडं तेवढं भाईर काढा.”

साहेबांनी खाली बघितलं. शेणानं सारवलेला एक चौकोन आणि मधे एक दगड. ना भिंत, ना छप्पर. कारकून फिदीफिदी हसला. मी भिंतीवरून बघत होते. (गोवऱ्या थापत होते, मुद्दाम बघत नव्हते.) साहेब काही हसले नाहीत. खाली बसले, नाड्या सोडल्या, बूट चौकोनाबाहेर ठेवले आणि विचारलं, “आता येऊ का आत?”

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून निर्वासित हा शब्द गेला. करंजवाडीकर म्हणू लागले.

जाताना कारकून मात्र तरातरा चौकोन ओलांडून सरळ जीपकडं निघाला. तुका ओरडला, “मास्तर, दारातनं जावा. भित्तीतनं कुठं निघाला?”

आणि सांगायची गोष्ट म्हणजे, कारकून परत फिरला आणि दारातून गेला!

*

करंजवाडीची एक रीत होती. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही.

रीत चांगलीच आहे, आमच्यातही आहे. पण आमच्या घरात चार डबे भरलेले आहेत. त्या लोकांनी काय घालून द्यायचं? पहिल्यांदा मी पाटलीणबाईंना तांब्याभर ताक दिलं. पाटलीणबाई म्हणजे करंजवाडीच्या पाटलांची विधवा. साठीच्या, उंच, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. दुसऱ्या दिवशी तांब्या परत आला तो तांदुळज्याच्या भाजीनं भरून.

मी आत जाऊन आमच्या ह्यांना म्हणाले, “बघा, नसताना सुद्धा भरून दिलं.”

हे म्हणाले, “अगं, ती आपल्याच रानातली भाजी आहे. मी काल तिला उपटताना बघितलं.”

आमचीच भाजी आम्हालाच भेट! पण एक सांगते, निवडलेली होती, धुतलेली होती. आमच्या घरात कुणी मला भाजी निवडून दिलेली नाही आजवर.

पुढं साहेबांनी रेशनची पोती पाठवली. तांबडी परदेशी ज्वारी. भाकरी थापताना तुटायची. पाटलीणबाईंनी एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, “ज्वारी न्हवं ही. ज्वारीची लांबची सोयरी हाय.”

तरी पोती परत करायची वेळ आली तेव्हा ओढ्यावर नेऊन धुतली, वाळवली, घड्या घातल्या. आणि वरच्या पोत्यात कारळाच्या चटणीचं मडकं. सरकारचं झालं म्हणून काय झालं, भांडं ते भांडं. साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा पोती उतरवायच्या आधी मडकं काढून पाटलीणबाईंच्या हातात दिलं. मडक्यात गूळ होता. त्यांच्या घरच्या मंडळींनी घातला होता म्हणे.

पाटलीणबाई मला म्हणाल्या, “शिकलं गं तुमचं सरकार.”

*

झोपड्या बांधल्या त्या कशाही नाहीत. गावात ज्याचं घर जिथं, तिथंच त्याची झोपडी. उजवीकडं शेजारी कोण, डावीकडं कोण, मागच्या बोळाला कोण, तसंच्या तसं. भांडणारे शेजारीसुद्धा शेजारीच.

मधे एका झोपडीएवढी जागा मात्र मोकळी होती. मी बरेच दिवस बघत होते. माझ्या गोवऱ्यांचा उडवा रचायला अगदी सोयीची. शेवटी तुकाला विचारलंच, एवढी मोकळी जागा आहे तर मी वापरू का?

“मोकळी न्हाय ती, बाई,” तुका म्हणाला. “तितं रसूलचाचाचं घर हाय.”

रसूलचाचा म्हणजे करंजवाडीचे मणेर, बांगड्या भरणारे. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिला गाडीत घालून आणायचं तर वाटेतच जायची. म्हणून ते मागं राहिले. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन चार गावं फिरायचा त्यांचा धंदा, त्यामुळं ओढ्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचं येणंजाणं चालू होतं. पण दोन्हीकडं डोळे त्यांच्यावर. तिकडचे म्हणायचे, खालशात बातम्या नेतो. इकडचे म्हणायचे, मोगलाईत बातम्या नेतो.

एकदा आमच्या चौकीवरच्या शिपायानं त्यांना अडवलं आणि टोपली उपडी करायला लावली. बांगड्या मातीत. ही बातमी परड्यामागं पोचली मात्र, करंजवाडीच्या साऱ्या बायका उठल्या आणि चौकीवर गेल्या. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. कसला आरडाओरडा? पाटलीणबाई पुढं झाल्या आणि दोन्ही हात वर केले. मागं सगळ्या बायकांनी हात वर केले. हिरव्या बांगड्यांचा नुसता किणकिणाट. विधवा म्हणून पाटलीणबाईंचे तेवढे हात रिकामे.

“ह्या समद्या त्याच्या हातच्या,” त्या शिपायाला म्हणाल्या. “आन माझ्या हातात व्हत्या, त्या बी त्याच्याच व्हत्या. आमच्या गावचा माणूस हाय. येचा बांगड्या.”

शिपाई गुडघ्यावर बसून बांगड्या वेचायला लागला.

रसूलचाचा आले की एकेक जण आपल्या घराचं विचारायचा. आमची गंज हाय का? आमचा पिंपळ? आमचं मांजर? चाचा कुणाला खोटं सांगायचे नाहीत. पाटलीणबाईंनी कधी विचारलं नाही. एक दिवस चाचाच म्हणाले, “भाबी, तुमच्या वाड्याची कडी तशीच हाय. दार गेलं, कोनी तरी काढून न्हेलं. पन कडी हाय.”

पाटलीणबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग जाताना कडी लावून जा.”

आणि चाचा म्हणाले, “जी.” पुढच्या वेळी आल्या आल्या सांगितलं, “लावली, भाबी.”

*

माणसं अडकून पडली तरी पोरापोरींची वयं काही थांबत नाहीत. पाटलीणबाईंचे चुलतदीर हणमंतराव. त्यांचा मुलगा लग्नाचा. आमच्या आळीतल्या बसाप्पाची मुलगी लग्नाची. मुलगा बसाप्पाला पसंत, मुलगी त्यांना पसंत. राहिलं काय? घर बघणं. मुलगी द्यायची तर घर बघायला नको का? बसाप्पाची बायको हटूनच बसली.

हणमंतराव म्हणाले, “मग चला. दाखवतो.”

आमच्या गावाच्या कडेला एक टेकाड आहे. तिथून करंजवाडी दिसते. सगळी वऱ्हाडी मंडळी टेकाडावर चढली. सोबतीला मी होतेच. हणमंतरावांनी हात लांब केला. “त्ये लिंबाचं झाड दिसतंय? त्येच्या डाव्या अंगाला पांढरं दिसतंय बगा. त्ये आमचं घर. चार खण.”

बसाप्पानं डोळे बारीक केले. “न्हाणी कुठंशी?”

“माघारच्या अंगाला. हितनं न्हाय दिसायची.”

“आड?”

“अंगणात. तुमी मान थोडी वाकडी करा.”

बसाप्पानं मान वाकडी केली. बसाप्पाच्या बायकोनं मान वाकडी केली. खोटं कशाला सांगू, मीही केली. कोसभरावरून कुठला आड दिसतोय! मग बसाप्पाच्या बायकोनं बायकी प्रश्न विचारला. पाऊसकाळात घर गळतं का?

हणमंतराव तिकडंच बघत म्हणाले, “गळायला छप्पर ऱ्हायलं असंल, तर गळंल.”

मग बसाप्पानं खिशातून सुपारी काढली आणि टेकाडावरच्या दगडावर फोडली. “खरं बोलणारा सोयरा गावला,” म्हणाला. “छप्पर काय, माझ्याबी रानात लाकूड हाय.”

*

हेच हणमंतराव आणि पाटलीणबाई एकमेकांशी बोलत नव्हते. रानाला रान लागून, मधे बांध, आणि बांधावर एक बाभूळ. बाभूळ आमची, असं दोघांचंही म्हणणं. पाटील हयात असल्यापासूनची तेढ. बोलायचं झालं तर मधे तुका. दोघं हाताच्या अंतरावर उभे असले तरी पाटलीणबाई म्हणायच्या, “तुका, भावजींना सांग, शेळी आमच्या दारात यायली.” हणमंतराव म्हणायचे, “तुका, वैनींना सांग, शेळीला दार कळत न्हाय.” तुका एकदा इकडं वळायचा, एकदा तिकडं. तेच शब्द पुन्हा म्हणायचा. पगारी काम असल्यासारखा.

रानाकडं जाता येत नव्हतं, तरी भांडण चालूच. संध्याकाळी टेकाडावर उभं राहून कोसभरावरच्या बाभळीकडं बोटं दाखवायचे. तिथं आता पेरणी नाही, कुळवणी नाही. गाव सोडायच्या आधी पेरलेली तूर तेवढी आपसूक उभी, बाकी गवत.

आमचे हे एकदा हसून म्हणाले, “रान राहिलं पलीकडं, आणि भांडण तेवढं सोबत आणलं का?”

पाटलीणबाईंनी ऐकलं. “दार सोडलं, गुरं सोडली, उबी तूर सोडली,” त्या म्हणाल्या. “भांडान बी सोडून यायचं का मग? काय तरी आपलं म्हणून ऱ्हाऊ द्या की.”



*

आता येळवस.

आमच्या भागातली ही सगळ्यांत मोठी अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांचा कोप उभा करायचा, त्यात पाच दगडांची पूजा, पिकावर आंबील शिंपडायची. मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, आंबील, पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं. दिवेलागणीला कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती पळत फिरवायची. आणि मुख्य नियम असा की ज्याच्या रानात कोप, त्यानं वाटेवरच्या माणसालाही जेवायला हाक मारायची. हाक आली की नाही म्हणायचं नाही. वैरी असला तरी.

मी आठ दिवस आधीच पाटलीणबाईंना आमच्या रानात बोलावलं. एकटीनंच नाही, सगळ्या वडगावानं सगळ्या करंजवाडीला बोलावलं होतं. पाटलीणबाई नाही म्हणाल्या.

मला राग आला. मी म्हणाले, असं कसं, येळवशीला नाही म्हणतात का?

“आमच्या कोपात तुमी जेवायचं, मग तुमच्या कोपात आमी. नुसतं जेवायला जाणारं माणूस येळवशीचं न्हवं, काशीबाई. पलेगाच्या साली माणसं गाव सोडून माळावर झोपली, तवाबी म्या माझ्या रानात वाढलंय.” मग बोटं मोजत म्हणाल्या, “तुमचं रान घेतलं, जळण घेतलं, ताक घेतलं. लई घेतलं. ह्यो एक दिस तरी मला वाढणारी ऱ्हाऊ द्या.”

मी घरी आले. आणि त्यानंतर दोन दिवसांनी आडावर ते अर्धं वाक्य कानावर पडलं.

आधी तुकाला गाठलं. तो म्हणाला, त्याला दवंडीचा हुकूम नाही. हणमंतरावांकडं गेले, तर त्यांनीच मला विचारलं की काशीबाई, तुमच्या कानावर काय आलंय? म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ही बाई गावातली चार तरणी पोरं पलीकडं धाडते की काय? पलीकडच्या टोळ्यांच्या तावडीत सापडली म्हणजे?

येळवशीच्या आदल्या दिवशी रसूलचाचा बांगड्या घेऊन आले. येताना टोपली उघडी होती. जाताना तिच्यावर लुगड्याचा धडपा बांधलेला. माझ्या अंगणावरून गेले आणि वाऱ्यावर आंबट वास आला. आंबलेल्या ताकाचा आणि ज्वारीच्या पिठाचा. आंबिलीचा वास मी झोपेतही ओळखीन.

वाक्य पुरं झालं. फकस्त कुणाला कळता कामा नये, असं ते होतं. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कळलेली गोष्ट कुणाला सांगितली नाही. ह्यांनाही नाही. पलीकडं कळलं असतं तर चाचांचं काय झालं असतं, ते मला सांगायची गरज नव्हती.

येळवस उजाडली. आम्ही रानात गेलो. करंजवाडीच्या झोपड्यांतून पहाटेपासून चुली पेटल्या होत्या. घराघरातून जे निघालं ते एकत्र करून रांधलं होतं. भज्जीच्या कढया, उंड्यांच्या पाट्या, आंबिलीचे डेरे. पोरांना खाऊ घातलं, आणि मोठ्यांनी सगळं झाकून ठेवलं. रात्रीतून पाटलीणबाईंनी आपल्या माणसांना तेवढं सांगितलं होतं; आपल्या रानाला नैवेद्य पोचल्याशिवाय कुणी तोंडात घास घातला नाही. पाटलीणबाई सकाळपासून टेकाडावर जाऊन बसल्या.

दुपार कलल्यावर मी वाढणं सुनेवर टाकून टेकाडावर गेले. एकेक करत सगळी करंजवाडी तिथं जमली होती. हणमंतराव जरा लांब उभे. पलीकडं काहीच दिसत नव्हतं. कोसभरावरून पाच पेंढ्यांचा कोप काय दिसणार? पाटलीणबाईंची नजर हलत नव्हती. सूर्य टेकला. मला वाटलं, नाही जमलं चाचांना. किंवा त्याहून वाईट.

मग बाभळीखाली ठिणगी दिसली. एक तांबडा ठिपका. तो मोठा झाला आणि हलायला लागला.

अजून पुरता अंधार पडला नव्हता. आभाळात उजेड होता, बांधावरची बाभूळ मला कोसावरून स्वच्छ दिसत होती. पेटती पेंढी पाटलीणबाईंच्या तुरीच्या कडेनं निघाली. पाटलीणबाईंचे ओठ हलत होते. “हितनं वळंल. आता खालच्या अंगानं. आता बांधाशी यील आन माघारी वळंल.”

पेंढी बांधाशी आली. वळली नाही. बांध ओलांडून सरळ हणमंतरावांच्या तुरीत गेली, त्यांच्या रानाला कडेनं वेढा घालून वरच्या अंगानं परत पाटलीणबाईंच्या रानात आली, आणि बाभळीखाली विझली. दोन्ही रानांना मिळून एकच फेरा.

पाटलीणबाई उठून उभ्या राहिल्या. “भावजी, माझ्या रानातली येळवस तुमच्यात कशी शिरली?”

“वैनी,” हणमंतराव म्हणाले, “येळवस माझीच हाय. तुमच्यातनं नुसती आली.”

तुका दोघांच्या मधे उभा होता. तो सवयीनं एकीकडं वळला आणि थांबला. त्याला काही कामच उरलं नव्हतं.

खाली झाकलेलं अन्न, सगळे दिवसभराचे उपाशी. पाटलीणबाईंनी पदर खोचला. तुकाला म्हणाल्या, दवंडी दे. हणमंतरावही म्हणाले, दवंडी दे. दोघांचा हुकूम एकच! तुकानं हलगी तापवायलाही वेळ घेतला नाही.

“ऐका हो ऐका! करंजवाडीची येळवस हाय. वडगावच्या समद्या लहानथोरांनी जेवायला यावं. कुणी उपाशी ऱ्हायचं न्हाय!”

आता आमची पंचाईत बघा. वडगाव नुकतंच रानातून परतलेलं, एकेकाच्या पोटात तीन-तीन कोपांचं जेवण. पाण्याला जागा नाही. पण येळवशीची हाक. नाही कसं म्हणणार? अख्खं वडगाव आमच्याच परड्यामागं पंक्ती धरून बसलं. ह्यांनी धोतराची गाठ सैल केली. चौकीवरचा शिपाईसुद्धा येऊन बसला. एका पंक्तीत पाटलीणबाई वाढत होत्या, दुसरीत हणमंतराव, आणि माझ्या पानात दोघंही वाढून गेले. मी पाटलीणबाईंना हातानं पुरे म्हणून खुणावलं, तशा त्या आंबिलीचं भांडं घेऊन माझ्यापुढं वाकल्या आणि म्हणाल्या, “लाजू नगासा, काशीबाई. आपलंच गाव समजा.”

म्हणजे आडावरची बातमी खोटी नव्हती. पण पाटलीणबाईंच्या रानात, असं जे ऐकलं होतं, ते किती खरं धरायचं? पाटलीणबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, कोप माझ्या रानात पडला. हणमंतरावांना विचारलं तर ते म्हणतात, माझ्या रानात. मला चैन पडेना.

पुढच्या बाजाराला रसूलचाचा आले. जन्मापासून करंजवाडीत राहिलेला माणूस, ढेकूळ न् ढेकूळ ठाऊक. बांगड्या भरून झाल्या, टोपली उचलायला वाकले, तसं मी त्यांना गाठलं. म्हटलं, चाचा, मला एकटीला सांगा, कोप नेमका कुणाच्या रानात घातला होता? आणि पेंढी बांधाशी वळवली का नाही?

चाचांनी चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर ठेवली.

“काशीबाई,” म्हणाले, “अंधारात बांध दिसतो व्हय?”